मागे कोणीतरी लागतं

नळी आणायला गेले होते, एवढंच. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि मी तशी घाबरत नाही. पालीला घाबरते. आमच्या डॉक्टरीणबाईंना घाबरते, पण त्यांना सगळेच घाबरतात. मी त्यांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते, त्यामुळे मला पगारी घाबरावं लागतं. बाकी भूतबीत म्हणाल तर त्या दिवसापर्यंत माझं कोणाशी वाकडं नव्हतं. तो दिवा राहू द्या तसाच. डोळ्यांवर येत नाही माझ्या.

रविवारची दुपार होती. नळ्या वाकवणाऱ्याचं दुकान म्हणजे एक भट्टी, एक ऐरण आणि एक स्टूल, ज्यावर तो स्वतः कधीच बसत नाही. नळीत कोरडी वाळू ठासून भरतो, दोन्ही तोंडं बंद करतो आणि मग तापवून वाकवतो, म्हणजे वळणावर नळी चेपत नाही. माझी नळी त्याने पुसून, कागदात गुंडाळून ठेवली होती.

"वाळू झटकलीय, तरी घरी एकदा आपटून घ्या," तो म्हणाला. "बसवणार कोण?"

"मीच."

"आणि मागे धरायला?"

"नवरा आहे की."

"वेळेवर येतो का?"

"घड्याळं दुरुस्त करतो तो."

"मग नाही येणार," तो म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला. "एकट्याने करू नका ताई. मागे कोणीतरी लागतं."

हे मला माहीत होतं. मोटरसायकलला नवी बेंड पाईप, म्हणजे इंजिनातून धूर मागे नेणारी ही वाकवलेली नळी, आणि सायलेन्सर बसवला की सांध्यांतून हवा गळते का ते बघावं लागतं. एकाने किक मारायची, दुसऱ्याने मागे सायलेन्सरचं तोंड हाताने गच्च झाकायचं. बाहेर जायला वाट नसली की हवा जिथे सांधा सैल असेल तिथून निघते. सांध्यांना साबणाचा फेस लावून ठेवायचा. जिथे बुडबुडे येतील तिथे पाना फिरवायचा. सोपं आहे, फक्त माणसं दोन लागतात.

आता गाडीचं सांगते. गाडी बाबांची, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. काळी टाकी, पुढे स्प्रिंगची सीट आणि मागे मडगार्डवर बसवलेली छोटीशी दुसरी सीट, अगदी पाटासारखी. अठरा वर्षं ती खालच्या खोलीत बिन-सायलेन्सरची उभी होती. नळी कुजली, टाकून दिली, असं बाबांनी सांगितलं होतं, आणि पुढे कोणी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या मागे लागले. दर रविवारी कार्बोरेटर खोल, तारा बदल, गंज घास. आठवड्याचे सहा दिवस मी "पुढचा पेशंट" म्हणून ओरडत असते. रविवारी मात्र माझ्या पुढे कोणाचाच नंबर नसायचा. मला ते फार आवडायला लागलं होतं.

तेवढ्यात दादाने कॉफीचं दुकान काढलं, आणि त्याला ती गाडी भिंतीवर टांगायची हुक्की आली. सरळ भिंतीवर, बोल्ट मारून, खाली दिवे लावून. मी म्हटलं, अरे, चालत्या माणसाला कोणी फ्रेममध्ये बसवतं का. तो म्हणाला, चालत्या? ठमे, ती तर खोकतसुद्धा नाही.

भांडण बाबांकडे गेलं. बाबा ऐंशीचे, बोलतात कमी. ते म्हणाले, "रविवारी पाचच्या आत चालू झाली आणि गल्लीची फेरी मारून आली तर हिची. नाहीतर भिंतीची."

दादा म्हणाला, मी पाचला टेम्पो घेऊनच येतो. भिंतीला भोकं पाडून झाली आहेत.

तर तो हा रविवार. नळी घेऊन मी परत आले तेव्हा दोन वाजून गेले होते.

खालची खोली लांबट आहे, बोगद्यासारखी. पुढे रस्त्याच्या बाजूला शटर, मागे अंगणात उघडणारं छोटं दार. गाडीचं तोंड शटरकडे, शेपूट आतल्या अंधाराकडे. इंजिनावर एक दिवा लोंबतो. तो बरोबर इंजिनापुरता उजेड देतो आणि मागच्या चाकाशी येऊन संपतो. बाहेर त्या दिवशी वारा सुटला होता, धुळीचे लोटच लोट, म्हणून शटर मी गुडघ्याएवढं उघडं ठेवून बाकीचं खाली ओढलं. नव्या सांध्यात धूळ गेली की झालंच.

नळी आपटली. चमचाभर वाळू निघाली. इंजिनाच्या तोंडात तांब्याची रिंग बसवली, बेंड पाईप लावली, नट नुसते बोटांनी फिरवले. मग मागे जुन्या बाजारातून आणलेला सायलेन्सर, त्याची पट्टी, क्लँप. सगळं सैल. ही बाबांची शिकवण: आधी सगळं हाताने, एकमेकांना ओळख होईपर्यंत सैल ठेवायचं आणि आवळायचं सगळ्यांत शेवटी. घाई करणाऱ्याचा स्टड, म्हणजे नट बसतो तो आट्यांचा खिळा, तुटतो. मी घाई केली नाही. साडेतीनपर्यंत सगळं आवळून झालं. फेस लावला, किक मारताना इंजिन पेटू नये म्हणून प्लगची तार काढून ठेवली आणि सीटवर बसून नवऱ्याची वाट बघू लागले. त्याने तीनला येतो म्हणून सांगितलं होतं.

जरा वेळाने मागचं दार करकरलं.

"आलास एकदाचा?" मी म्हटलं.

उत्तर नाही. म्हटलं, रागावलाय. सकाळी मी त्याचा घड्याळांचा बारीक चिमटा स्टडच्या आट्यांतली काजळी काढायला वापरला होता. त्या चिमट्याला तो माझ्यापेक्षा हळू हाताने धरतो. मी वळूनही बघितलं नाही. नवऱ्याच्या रागाकडे वळून बघितलं की तो वाढतो, हा माझा अनुभव.

"बरं, नको बोलूस. सायलेन्सरपाशी बस. टाकीवर एक ठोका दिला की झाकायचं, दोन दिले की सोडायचं. ऐकलंस की मडगार्डवर तेवढेच ठोके परत द्यायचे. समजलं?"

ही खूणही बाबांचीच. इंजिनाच्या आवाजात तोंडाने सांगितलेलं मागे पोचत नाही. लहानपणी मी त्यांच्याकडून या दोन खुणा शिकले होते.

मी टाकीवर एक ठोका दिला.

टक, मागून आलं.

किक मारली. बेंड पाईप आणि सायलेन्सरच्या सांध्यावर फेसाचा हा एवढा फुगा आला. दोन ठोके दिले. टक टक. फुगा बसला. मी खाली वाकून क्लँप आवळला. परत एक. टक. किक. फुगा लहान. परत.

काय सांगू, इतकं छान काम मी जन्मात केलं नव्हतं. माझा ठोका संपतो न संपतो तोच उत्तर यायचं. तोंडही असं गच्च झाकलं जायचं की किक पायाला जड लागायची. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदाच काहीतरी वेळेवर जमत होतं, आणि मला संशय आला नाही. चूक म्हणाल तर ती इथे झाली. वीस वर्षांच्या संसारानंतर हे मला कळायला हवं होतं.

उलट मला भरून आलं. माणूस रागावलाय, तरी अंधारात बसून आपला सायलेन्सर धरतोय. मी पाना फिरवता फिरवता बोलायला लागले. म्हटलं, चिमट्याचं चुकलंच माझं. म्हटलं, तुझ्या बहिणीला मी फोनवर जरा तोडून बोलते, ते मलाही कळतं, पण तीही कमी नाही. मग मन हलकं झालं म्हणून तेही सांगून टाकलं जे सात वर्षं पोटात होतं: ते काचेचं मोठं घड्याळ मांजराने नाही पाडलं. मी पाडलं. मांजर तेव्हा घरातच नव्हतं.

मागून दोन ठोके आले. टक टक. सोड.

बरं वाटलं हो. म्हटलं, सोडून दिलं याने.

आता एक गोष्ट मला आठवते, तेव्हा तिकडे लक्ष नव्हतं. खोली गार झाली होती. बाहेर उन्हाचा वारा, पत्र्यावर धूळ आपटतेय आणि माझ्या पाठीला मात्र कोणीतरी फ्रीजचं दार उघडून ठेवावं तसा गारवा. पेट्रोलचा वासही गेला होता. त्याच्या जागी वेगळाच... बरीच वर्षं न उघडलेल्या ट्रंकेचा असतो ना, तसा. मी शिंकले. मागे कोणी काही म्हणालं नाही. आमच्याकडे मी शिंकले की हा "झालं सुरू" म्हणतो. आजवर चुकलेला नाही.

सगळे सांधे कोरडे झाले. प्लगची तार लावली, पेट्रोल उघडलं आणि किक मारायला लागले. खरी परीक्षा आता. एक, दोन, पाच, दहा. काही नाही. थोडं थांबून परत दहा. गुडघा बोलायला लागला. मोबाइलवर बघितलं, चार वाजून पस्तीस मिनिटं. दादा निघाला असेल. मला त्या भिंतीवरची भोकं दिसायला लागली.

"होणार नाही बहुतेक," मी म्हटलं. "नेऊ दे त्याला."

तेवढ्यात हातातला मोबाइल वाजला. नवरा.

मी बघतच राहिले. मग उचलला.

"बाईसाहेब, निघालोच," तो म्हणाला. "एक आजोबा आले होते, त्यांना लंबक समजावून सांगण्यात..."

"कुठे आहेस तू?"

"दुकानात. शटर ओढतोय. ऐक." खरोखरच शटरचा खडखडाट ऐकू आला.

"तू... इथे आला नव्हतास?"

"कधी?"

"मग मागे कोण आहे?"

"कोणाच्या मागे?" तो म्हणाला. "हॅलो? ऐकू येतंय का?"

मडगार्डवर वाजलं. टक. टक. टक.

तीन ठोके मला कोणी शिकवले नव्हते.

मी फोन बंद केला. का केला, विचारू नका. कोणाचं बोलणं चालू असताना फोनवर बोलू नये, असं काहीतरी वाटलं. पुढे शटर गुडघ्याएवढं उघडं होतं. खालून सरपटत जाता आलं असतं, पण मी माझी रुंदी ओळखून आहे. मी मध्येच अडकले असते, आणि कुठला अर्धा भाग आत राहिला असता हा विचार मला सोसेना. राहिलं मागचं दार. तिथे जायचं तर गाडीच्या शेपटीवरूनच जायला हवं.

टक. टक. टक. हळू. घाई नसल्यासारखं.

मी पाना हातात धरला आणि सीटवरून उतरले. भुताला सोळा नंबरचा पाना लागतो का मला माहीत नव्हतं, पण हातात तोच होता.

मागे कोणी नव्हतं. मागचं दार बंद होतं, आतून कडी घातलेली. ती कडी मीच सकाळी घातली होती, आता आठवलं. तोंड झाकायला मी काढून ठेवलेलं फडकं खिळ्यावर जसंच्या तसं, घडीसुद्धा मोडली नव्हती. म्हणजे एवढा वेळ जे झाकलं जात होतं ते उघड्या हाताने...

सायलेन्सरच्या कडेला वाफ धरली होती. आरशावर श्वास सोडला की धरते तशी. इंजिन पेटलं नव्हतं, नळी गारच होती. मी खाली बसले. आत बघितलं नाही. तुम्हीही बघितलं नसतं. नुसती ती वाफ पुसावी म्हणून तळहात सायलेन्सरच्या तोंडावर ठेवला.

आणि पुढे किक खाली गेली.

माझ्या डोळ्यांसमोर. दिव्याच्या उजेडात ती लोखंडी किक आधी हळूहळू दबली, जिथे जड लागते तिथे जरा थांबली, जागा सापडल्यासारखी, आणि मग एकदम खाली. माझ्या तळहातावर आतून गरम हवेचा एक फटका बसला, हात उडाला आणि गाडी चालू झाली.

भीती नंतर वाटली. आधी आनंद झाला, काय करू. अठरा वर्षांनी ते फायरिंग: धग्, धग्, धग्, संथ, पोटातून, मधला एक ठोका किंचित उशिराने येणारा. सांध्यातून कुठेही फस्स नाही. धुरात तेलाचा जुना वास. मी तिथेच जमिनीवर बसून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं.

शटर वर गेलं. उजेडात दादा उभा, हातात दोरखंडाची दोन वेटोळी.

"चालू केलीस?" तो म्हणाला. मग खाली बघून, "तू मागे काय करतेयस? किक कोणी मारली?"

"मीच," मी म्हटलं. "मारली आणि हात लावून बघायला मागे आले."

हे खोटं माझ्या तोंडून इतकं पटकन आलं की माझंच मला कौतुक वाटलं. पाचला सात मिनिटं कमी होती. खरं सांगत बसले असते तर गाडी भिंतीवर आणि मी आमच्याच दवाखान्यात नंबर लावून.

"अजून फेरी आहे," दादा म्हणाला, पण चेहरा पडला होता.

हेल्मेट घातलं. पुढच्या सीटवर बसले, ती नेहमीसारखी कुरकुरली. गिअर टाकला आणि बाहेर काढली. वर गॅलरीत बाबा उभे होते. मी हात केला. त्यांनी केला नाही. कठडा धरून नुसते बघत होते, माझ्याकडे नाही, माझ्या जरा मागे.

धूळ उडत होती. शिंपी मशीन थांबवून दारात आला. दूधवाल्याने सायकल बाजूला घेतली आणि उगाचच सलाम ठोकला. गल्लीच्या टोकाला मी गाडी वळवली, आणि परत येतानाचं मला फारसं आठवत नाही. आनंदात कोणाला आठवतं. फायरिंग ऐकू येत होतं आणि फार निश्चिंत वाटत होतं, लहानपणी प्रवासात झोप लागते ना, कोणीतरी दुसरं चालवत असताना, तसं. घरासमोर गाडी थांबली तेव्हा दादा मोबाइलवर शूटिंग करत होता.

"जमलं की ग ठमे," तो म्हणाला. दादा वाईट नाही. त्याने दोरखंड टेम्पोत टाकले. "आता त्या भोकांचं काय करू?"

"छत्र्या अडकव."

"सहा भोकं आहेत."

"मग सहा छत्र्या."

तो हसला, माझ्या डोक्यात टपली मारली आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. नवरा पाच वाजून दहा मिनिटांनी आला आणि म्हणाला, अजून वेळ आहे ना?

संध्याकाळी मी चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेले. खरं म्हटलं तर मनात आता भीती नव्हतीच. माझं मी उत्तर काढून ठेवलं होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली. लेकीची अडचण बघून आली असेल बिचारी, दुसरं कोण येणार. सात वर्षांचं घड्याळाचं गुपित मी आईला सांगितलं, असं म्हटलं की सगळं गोडच वाटत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "आज खाली आई आली होती."

त्यांनी कप खाली ठेवला. "कशावरून?"

मी सगळं सांगितलं. करकरणारं दार, ठोके, गारवा. सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुझ्या आईने त्या गाडीच्या कामाला कधी हात लावला नाही," ते म्हणाले. "तिला तो वास चालत नसे."

"मग तुमच्या मागे कोण धरायचं?"

"अकरा वर्षं मला वाटायचं, तीच. मागचं दार वाजायचं, मी ठोका द्यायचो, उत्तर यायचं. काम करताना मी बोलत नाही, तीही बोलत नाही, असं धरून चाललो होतो." ते कपातल्या चहाकडे बघत होते. "एकदा मी ठोका दिला, मागून उत्तर आलं... आणि ती पुढून आली. हातात पाण्याचा तांब्या. म्हणाली, कधीपासून कोणाशी ठकठक करताय."

मी उठून खोलीतला दिवा लावला.

"त्याच दिवशी नळी काढली. सायलेन्सरही. तोंडच नाही म्हटल्यावर झाकणार काय. आणि परत कोणी आलं नाही."

"म्हणजे कुजली नव्हती?"

"चांगली होती. नदीत टाकली."

"अहो बाबा, मग मला दोन वर्षं खपू दिलंत? सांगायचंत ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला जमेल असं वाटलं नव्हतं बाळ. म्हटलं, पाचचा वायदा ठेवू. तुझं होणार नाही, तो भिंतीवर टांगेल, आणि तुम्ही दोघंही सुटाल."

खरं सांगते, सगळ्या दिवसात मला लागलं ते हे. भूत परवडलं.

"आणि तीन ठोके?" मी विचारलं. "तीन म्हणजे काय?"

कपाकडे गेलेला त्यांचा हात मध्येच थांबला.

"तीन वाजले?"

"दोनदा."

"तू काय केलंस?"

"उतरले. मागे गेले बघायला. तेव्हाच तर चालू झाली."

बाबा उठले. खिडकीपाशी गेले, खाली शटरकडे बघितलं. ते बंद होतं.

"मी कामाला होतो त्या कारखान्यात आमची ती तिसरी खूण होती," ते म्हणाले. "किक मारून एकाचा पाय दुखला की मागच्याने तीन द्यायचे. जागा बदलू. तू मागे ये, मी पुढे बसतो." खिडकीचा गज धरून म्हणाले, "माझ्या मागे शेवटी शेवटी रोज वाजायचे. मी एकदाही उतरलो नाही. पाय आखडले, तहान लागली, तरी नाही."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता गाडी तुझी आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

खाली आले तेव्हा नवरा सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता. दादाने शूटिंग पाठवलं होतं, वर "आमची ठमी" असं लिहून.

"मस्त आलंय," तो म्हणाला. "पण परत येताना मागच्या सीटवर का बसलीस?"

"काहीतरीच. पुढेच होते मी."

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. जाताना मी पुढे आहे, ताठ, अगदी परीक्षेला बसल्यासारखी. मग वळण, धूळ. धुळीतून गाडी परत येते तेव्हा मी मागच्या छोट्या सीटवर आहे, हात लांब करून हँडल धरलंय, मान जरा कलती, जणू डुलकी लागली आहे. पुढची सीट रिकामी. रिकामी आहे, पण तिच्या स्प्रिंगा पार खालपर्यंत दबलेल्या.

दादाला फोन केला. तो म्हणाला, मला वाटलं तू मुद्दाम ऐट मारतेयस. नवरा म्हणाला, कॅमेऱ्यात कधी कधी तसं दिसतं. घड्याळवाल्याला कॅमेऱ्यातलं काय कळतं, पण मी वाद घातला नाही. झोप मात्र चांगली लागली. का लागू नये, गाडी माझी झाली होती.

सकाळी दवाखान्यात जायच्या आधी मी शटर पूर्ण उघडलं, लख्ख उजेड आत घेतला आणि गाडी स्टँडवर असतानाच मागच्या सीटवर बसून बघितलं. पाठ वाकवली, छाती पुढच्या सीटवर टेकवली, हात ताणले, खांदे दुखेपर्यंत ताणले. नवऱ्याला बोलावून बोटांपासून हँडलपर्यंत मोजायला लावलं. असल्या मोजण्यात तो चुकत नाही.

माझे हात पोचत नाहीत. चार बोटं कमी पडतात.